वाट कोणाची, रान कोणाचे?

सह्याद्रीच्या माथ्यावरून भटकंती करणाऱ्या शहरी तरुणांची संख्या गेल्या काही वर्षांत झपाट्याने वाढली आहे. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. दिवसभर डोंगर तुडवणाऱ्याला आपल्या मुलखाची ओळख पुस्तकापेक्षा तळपायातून लवकर होते. परंतु ज्या वाटांवरून ही भटकंती चालते त्या कोणी घडवल्या आणि त्या रानावर पहिला हक्क कोणाचा, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. समाजवाद्यांनी तो विचारला पाहिजे.

उदाहरणादाखल पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील आहुपे ते भीमाशंकर ही वाट घ्या. पायी जाणाऱ्याचा पुरा दिवस ती घेते. घाटमाथ्याच्या धारेने, दाट झाडीतून, कोंढवळच्या बाजूने ती दक्षिणेस जाते. उजव्या हाताला कडा तुटतो आणि खाली मुरबाड-कर्जतचा मुलूख पसरलेला दिसतो. तिकडे वाहणारे पाणी अरबी समुद्राला मिळते. डाव्या हाताचे पाणी घोड नदीतून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि अखेर बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत जांभूळ, अंजनी, हिरडा यांची गर्द राई आहे, कारवीची दाटी आहे, आणि नशीब असेल तर या फांदीवरून त्या फांदीवर झेप घेणारे शेकरूही दिसते. शहरातून आलेला पांथस्थ म्हणतो, "काय हे अस्पर्श अरण्य!"

येथेच त्याची फसगत होते. हे अरण्य अस्पर्श नाही. या परिसरात महादेव कोळी समाज पिढ्यान् पिढ्या राहत आला आहे. पायवाट म्हणजे काही निसर्गाची करणी नव्हे. डोक्यावर मोळी आणि पाठीवर पोते घेऊन चाललेल्या माणसांच्या श्रमाने ती पडते आणि वापरानेच टिकते. कारवीच्या काठ्यांवर शेणमाती लिंपून येथे घराचे कूड उभे राहिले. उन्हाळ्यात झाडावर चढून बाळहिरडा उतरवायचा, तो वाळवायचा आणि विकायचा, हा अनेक कुटुंबांच्या रोख पैशाचा मोठा आधार. ज्या हिरड्याच्या सावलीत आपण शिदोरी सोडतो, तो कोणाचा तरी वर्षाचा बाजारहाट असतो.

या माथ्यावरून पश्चिमेस सिद्धगड दिसतो. बेचाळीसच्या लढ्यात विजेचे मनोरे पाडणाऱ्या आझाद दस्त्याचे नेते भाई कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील यांना २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या जंगलात हौतात्म्य आले. ज्या परकीय सत्तेशी ते झुंजले, ती सत्ता गेली. तिने केलेला १९२७ चा वन कायदा मात्र स्वातंत्र्यानंतरही राहिला. रान सरकारचे आणि रानात राहणारा अतिक्रमक, ही त्या सत्तेची दृष्टीही राहिली. १९८५ साली भीमाशंकर अभयारण्य जाहीर झाले. शेकरूला संरक्षण मिळाले ते योग्यच झाले; परंतु शेकरूच्या शेजाऱ्याला आपल्याच रानात परवानगीचा धनी व्हावे लागले.

निसर्गप्रेमी मित्र म्हणतील, लोकांच्या हाती रान दिले तर ते शिल्लक राहणार नाही. राबासाठी फांद्या तोडल्या जातात, गुरांची चराई होते, हे खरेच आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण मग याच डोंगरांतील देवराया कोणी राखल्या? कोणत्याही खात्याचा पहारा नसताना, केवळ गावाच्या शब्दावर त्या उभ्या राहिल्या. आहुप्याची देवराई पाहिलेल्या कोणालाही हा पुरावा पुरेसा वाटावा. लोक रान राखू शकतात की नाही, हा वाद फोल आहे. राखण्याचा अधिकार आणि त्याचे फळ त्यांच्या हाती आहे की नाही, हा खरा प्रश्न आहे.

२००६ च्या वनाधिकार कायद्याने आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे मान्य केले. गौण वनोपजाची मालकी आणि सामूहिक वनाच्या संरक्षणाचा व व्यवस्थापनाचा हक्क त्याने ग्रामसभेला दिला. अभयारण्येही या कायद्याच्या कक्षेत येतात. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाने २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळवून दाखवला. तो मिळाला तो वर्षानुवर्षांच्या संघटनेमुळे. कायदा आपल्या पायांनी डोंगर चढत नाही.

भटकंतीचा हक्क आपल्या विचाराला परका नाही. १९३२ साली इंग्लंडमधील किंडर स्काउटच्या जमीनदारी माळावर मँचेस्टरकडच्या शेकडो कामगारांनी बंदी मोडून पाऊल टाकले आणि त्यांपैकी पाच जण तुरुंगात गेले. मात्र तिथे समोर शिकारीसाठी माळ राखणारे धनिक होते. इथे समोर हिरडा वेचणारी बाई आहे. तिच्या हक्काला वळसा घालून आपला हक्क सांगणे ही समता नव्हे.

म्हणून आपल्या शिबिरांनी आणि युवक पथकांनी काही पथ्ये पाळावीत. वाटाड्या गावातलाच घ्यावा आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी. मुक्काम, जेवण यांचा पैसा मध्यस्थाकडे न जाता गावात राहावा. आपला कचरा आपणच परत न्यावा. शुल्क कोणी घ्यावे, पावसाळ्यात कोणती वाट बंद ठेवावी, हे ठरवताना ग्रामसभेचा शब्द अखेरचा असावा, अशी मागणी आपण लावून धरावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दिवसभर चालून झाल्यावर संध्याकाळी गावात बसून विचारावे: सामूहिक हक्काचा दावा दाखल झाला आहे का? कुठे अडला आहे? हिरड्याला भाव काय मिळतो?

कागद लिहिता येणारे, तहसील कचेरीत खेटे घालू शकणारे चार कार्यकर्ते एका गावामागे उभे राहिले, तर ती भटकंती चळवळीच्या कामी येईल. अशा चालण्याची आज गरज आहे.