नातवाची जन्मतारीख

दिवाळीच्या आदल्या दिवशी आमच्या घरात एक छोटासा खटला चालला. फिर्यादी धाकटा नातू, आरोपी मी आणि न्यायाधीश अर्थातच आमची सौ. गुन्हा असा की, रवा-बेसनाच्या यादीच्या तळाशी मी हळूच ‘एक पाकीट’ असे लिहिले होते. कोपऱ्यावरच्या पानवाल्याने नातवाला रिकाम्या हाताने परत पाठवले. १८ वर्षांखालील मुलाला तंबाखूचा कुठलाही पदार्थ विकू नये, असा २००३ सालचा कायदा आहे. पानवाल्याच्या तो ध्यानात होता. आजोबा मात्र सोयीस्करपणे विसरले होते!

“आजोबा, मालदीवमध्ये असतो, तर १८ पुरी झाल्यावरही मला मिळालं नसतं,” नातू म्हणाला.

त्याने सांगितले ते असे. १ जानेवारी २००७ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्याला तंबाखू विकायची नाही, असा नियम त्या चिमुकल्या देशाने १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू केला. आज नाही आणि साठी उलटल्यावरही नाही! त्याआधी जन्मलेल्यांना पूर्ववत मोकळीक. न्यूझीलंडनेही २०२२ च्या डिसेंबरात असा कायदा केला होता. तिथली तारीख १ जानेवारी २००९, म्हणजे नेमके आमच्या नातवाचे जन्मसाल. पण सरकार बदलले आणि ही बंदी अमलात येण्यापूर्वीच २०२४ साली कायदा रद्द झाला. अमेरिकेतल्या ब्रुकलाइन गावाने मात्र २०२१ पासून असाच नियम चालवला आहे. दुकानदार कोर्टात गेले, पण २०२४ साली मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने निकाल दिला.

थोरला नातू २००६ चा. तो वकिली थाटात उठला. “म्हणजे मला चालेल आणि याला नाही? एका पंक्तीला बसणाऱ्या भावांत हा भेद कशाला? आणि चाळिशीच्या माणसानं पानवाल्याला जन्मदाखला दाखवायचा?”

मुद्दा बिनतोड होता. पण वाचकहो, मला माझे लहानपण आठवले. वडील हातावर चवली ठेवीत आणि मी विड्यांचे बंडल आणायला धावे. दुकानदार वर एक लिमलेटची गोळी देई. विडीचा वास आणि गोळीची गोडी माझ्या मनात तेव्हापासून एकत्रच बसली. पुढे कॉलेजात गेल्यावर पहिली सिगारेट शिलगावली, ती मोठा झाल्याचा दाखला म्हणून! ‘१८ पर्यंत थांब’ असे सांगितले की तंबाखू ही बढती वाटू लागते. जन्मसालाचा नियम तिला बढतीच्या यादीतूनच काढून टाकतो. शिवाय ज्यांना व्यसन जडले, त्यांच्या हातातले तो हिसकावून घेत नाही. ज्यांना जडलेले नाही, त्यांच्यापुरते दार लावून घेतो.

आणि धाकट्याचे यात जाते काय? माझे वडील शेवटची दोन वर्षे उशांना टेकून, बसूनच झोपत. आडवे झाले की धाप लागे. त्यांचे घड्याळ थोरल्या भावाला मिळाले, धाप मला! आमच्या तीन जिन्यांपैकी दुसऱ्यावर मी हल्ली ‘शेजाऱ्यांची चौकशी करायला’ थांबतो. ही मिळकत दोन्ही नातवांना सारखी वाटून द्यायची, हा कुठला न्याय?

सौ.ने निकाल दिला. “सरकार कायदा करील तेव्हा करील. या घरातली पोरं पाकिटासाठी आजपासून खाली उतरायची नाहीत. ज्याला हवं त्यानं स्वतः जावं.”

निकालावर अपील नाही. संध्याकाळी चपला पायांत घातल्या, जिन्याकडे पाहिले आणि परत काढून ठेवल्या. लक्ष्मीपूजनाचा दिवस तसाच पार पडला. पुढचे सांगण्यासारखे काही घडले, तर पुढच्या दिवाळीला सांगेन.