प्लॅन वाढवून ड्राइव्ह पळत नाही

महिन्याची २० तारीख म्हणजे जीएसटीचं ३-बी भरायचा दिवस. वागळे इस्टेटचा गाळा असो, डोंबिवली एमआयडीसीतलं कारखान्याचं ऑफिस असो की गोखले रोडवरची सीएची फर्म, तक्रार एकाच शब्दांत येते : ‘नेट स्लो आहे, झेड ड्राइव्ह उघडतच नाही.’ मग मालक ब्रॉडबँडवाल्याला फोन करतो, १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० चा होतो आणि पुढच्या २० तारखेला तीच रड पुन्हा सुरू.

या वाक्यात दोन दुखणी एकत्र बांधली आहेत. जीएसटीचं पोर्टल रखडतं ते ऑफिसच्या बाहेर. झेड ड्राइव्ह म्हणजे त्याच ऑफिसच्या कोपऱ्यात, बहुधा चपलांच्या रॅकशेजारी ठेवलेल्या सर्व्हरवरचा फोल्डर. तिथली फाइल तुमच्या टेबलापर्यंत येताना इमारतीबाहेर पाऊलही टाकत नाही. घोडबंदर रोड रुंद केला म्हणून कुणी बेडरूममधून स्वयंपाकघरात लवकर पोचत नाही. खातरजमा करायची असेल तर राउटरमधून बाहेर जाणारी इंटरनेटची वायर दोन मिनिटं काढून बघा. ड्राइव्ह तितकाच रेंगाळला तर प्लॅनचे वाढीव पैसे वाया गेले, असं खुशाल समजा.

खरा चोर पुष्कळदा वायरीत असतो. १,००० एमबीपीएसच्या जोडणीला केबलमधल्या आठही तारा लागतात. १०० ला चार पुरतात. जॅकमध्ये एखादी तार नीट बसली नाही किंवा केबल खुर्चीच्या चाकाखाली चेंगरली, की संगणक आणि नेटवर्कचा स्विच बहुतेक वेळा मुकाट्याने १०० वर तडजोड करतात. कुठलीही सूचना येत नाही, काम चालूच राहतं, फक्त दहापट हळू. आर्किटेक्टच्या ऑफिसातलं २०० एमबीचं ड्रॉइंग १,००० च्या जोडणीवर कागदोपत्री दोन सेकंदांच्या आत यायला हवं, ते १०० वर १६ सेकंद घेतं. नेटवर्क अडॅप्टरच्या ‘स्टेटस’मध्ये जोडणीच्या वेगाचा आकडा सरळ लिहिलेला असतो. स्वस्त म्हणून घेतलेली, तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल आणि दहा वर्षांपूर्वीचा १०० चाच स्विच हे याच घराण्यातले.

दुसरा पक्ष म्हणतो, संगणक जुने झाले, रॅम टाका. रॅम टाकल्याने एक्सेल जरूर हलकं चालेल. पण सर्व्हरची डिस्क दमली असेल तर दहा टेबलांवर दहा नवे संगणक ठेवूनही ती दमलेलीच राहणार. फिरत्या तबकडीची साधी हार्ड डिस्क एका सेकंदाला विखुरलेली शंभर-सव्वाशे वाचनं करू शकते. भर दुपारी बॅकअप सुरू झाला आणि त्याच वेळी पाच जण टॅलीत नोंदी करत असले, की हा कोटा कधीच ओलांडला जातो. एसएसडी घ्यायचीच तर आधी सर्व्हरला घ्या.

दोष वायरीत आहे की डिस्कमध्ये, हे ओळखायला एक सोपी परीक्षा आहे. सर्व्हरवरून एक जीबीची एकच फाइल कॉपी करा. मग तितक्याच वजनाचा, हजारो छोट्या फाइलींचा फोल्डर कॉपी करा. दोन्ही रखडले तर वायर किंवा वायफायकडे बघा. मोठी फाइल पळाली आणि छोट्या खूपच अडकल्या, तर संशय डिस्कवर किंवा अँटिव्हायरसवर. प्रत्येक छोट्या फाइलीला उघडणं, परवानगी तपासणं, वाचणं, बंद करणं अशा फेऱ्या होतात. त्यामुळे थोडा उशीर गृहीतच धरावा.

बिनपैशाचं आणि सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे मेलेला ड्राइव्ह. जुना सर्व्हर भंगारात गेला, पण त्याचा वाय ड्राइव्ह संगणकात तसाच जोडलेला. एक्सप्लोरर उघडला की वर हिरवी पट्टी सरकत राहते, कारण विंडोज त्या बेपत्ता सर्व्हरच्या उत्तराची वाट बघत असतं. जुन्या सर्व्हरचं नाव लिंकमध्ये घेऊन बसलेल्या एक्सेल शीटचंही तेच. तो ड्राइव्ह काढून टाका, त्या लिंक तोडा. कित्येक ‘स्लो’ संगणक तिथल्या तिथे बरे होतात.

तिसरा सल्ला मात्र नुसता चुकीचा नाही, घातक आहे : ‘एसएमबी वन चालू करा आणि अँटिव्हायरस बंद ठेवा.’ एसएमबी म्हणजे विंडोजची फाइल देण्याघेण्याची बोली. तिची पहिली आवृत्ती १९८० च्या दशकातली, बडबडी आणि म्हणूनच मंद. दुसरी २००६ मध्ये व्हिस्टाबरोबर आली. पहिलीतल्या भोकातून मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या या व्हायरसने तेच भोक वापरलं आणि आपल्या शेजारच्या जेएनपीटीतल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. वेगासाठी हे दार उघडणं म्हणजे वेगही नाही आणि सुरक्षाही नाही. अँटिव्हायरसचा त्रास होत असेल तर तो बंद करू नका. सर्व्हरला स्वतःच्या फाइली तपासू द्या आणि टेबलावरच्या संगणकांना तोच नेटवर्क ड्राइव्ह पुन्हा तपासण्यापासून सूट द्या.

‘सगळं क्लाउडवर टाका’ म्हणणाऱ्यांचं थोडं खरं आहे. निम्मे लोक कल्याणला घरी बसून काम करत असतील तर क्लाउडच बरा. लोकलचा धक्का तरी वाचतो. पण तेव्हा फाइल खरोखरच इंटरनेटवरून धावते आणि प्लॅनचा प्रश्न पहिल्यांदाच खरा ठरतो. शिवाय टॅलीचा डेटा फोल्डर सिंक होणाऱ्या क्लाउड फोल्डरात ठेवून दोघांनी एकाच वेळी नोंदी केल्या, तर एकाच वहीच्या दोन प्रती होण्याचा धोका असतो. मग मार्चअखेरीला ताळेबंद कुणाचा खरा?

म्हणून तपासाची सुरुवात प्लॅनपासून नाही, प्रश्नापासून व्हावी : त्रास एकाला आहे की सगळ्यांना? एकालाच असेल तर त्याची केबल, वायफाय आणि मेलेले ड्राइव्ह बघा. सगळ्यांना असेल तर स्विच, सर्व्हरची डिस्क आणि बॅकअपची वेळ. या तपासाला अर्धा तास पुरतो.

‘एवढा वेळ कुणाला आहे?’ असं मालक म्हणतील. वेळ त्यांनी आधीच विकत घेतलेला आहे. एएमसीचे, म्हणजे वर्षाच्या देखभाल कराराचे पैसे त्याचेच. पुढच्या वेळी ‘सिस्टिम चेक केली, ओके’ एवढ्यावर सही करू नका. कुठल्या टेबलावर जोडणीचा आकडा किती आला, मोठी फाइल किती सेकंदांत आली, छोट्या किती सेकंदांत, सर्व्हरची डिस्क किती व्यग्र होती, हे सर्व्हिस रिपोर्टवर लिहून घ्या. आकडे नसतील तर सही नाही.