आषाढातली थंडी

आपल्या मराठी घरांतून गरम कपड्यांचे वेळापत्रक ठरून गेलेले असते. दिवाळीच्या आसपास ट्रंक उघडते, डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर पसरतो आणि स्वेटर, शाली, कानटोप्या गच्चीवर ऊन खायला जातात. महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून गेली, की सगळा संसार पुन्हा ट्रंकेत. मधल्या पावसाळ्यासाठी आपण छत्री आणि रेनकोट एवढीच तरतूद करतो. थंडी हिवाळ्यात आणि पाणी पावसाळ्यात, असा आपला सरळ हिशेब असतो. हा हिशेब चुकीचा आहे, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. पावसाळ्याला त्याची स्वतःची थंडी असते, आणि तिच्यासाठी वेगळे कपडे करावे लागतात.

खडकवासल्यात राहून मला पंचवीस पावसाळे झाले. नकाशावर हे गाव पुण्याला चिकटलेले, पण पाऊस मात्र इथून पश्चिमेला पावलापावलाने बदलत जातो. पुण्यात वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून चाळीसेक किलोमीटरवरच्या टेमघर धरणावर तो तीन हजारांच्याही पुढे जातो. खडकवासला या दोहोंच्या मधे, उंबरठ्यावर बसल्यासारखे. पुनर्वसू आणि पुष्य ही नक्षत्रे, म्हणजे शेतकऱ्यांचा ‘तरणा’ आणि ‘म्हातारा’ पाऊस, लागली की धरणाच्या पाण्यावरून जो वारा सुटतो तो थेट हाडांशी बोलतो.

आता तुम्ही म्हणाल, आकडे तर वेगळेच सांगतात. खरे आहे. पुण्याचे डिसेंबरातले किमान तापमान सरासरी अकरा-बारा अंश, आणि जुलैतले बावीसच्या आसपास. मग थंडी कुठली? पण तापमापक कोरडा असतो, माणूस ओला असतो. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने अंगातली ऊब बाहेर नेते. शिवाय ओला कपडा अंगावर वाळतो तो फुकट वाळत नाही. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. साधारण माणसाच्या दिवसभराच्या जेवणाचा हा चौथा हिस्सा झाला, आणि त्यातली बरीचशी उष्णता अंगातूनच जाते. त्यात वारा असला, की ही वसुली आणखी जलद.

दर रविवारी धरणाच्या चौपाटीवर ही वसुली उघड्यावर चाललेली दिसते. भिजायला आलेली तरुण मंडळी, अंगाला चिकटलेल्या सुती जीन्स, वर पातळ प्लास्टिक, हातात कणीस आणि ओठ निळे. त्यातलेच काही पुढे सिंहगडाची वाट धरतात. गड इथून सुमारे सातशे मीटर उंच, म्हणजे माथ्यावर चार-पाच अंश तरी थंड, आणि वारा विचारू नका. चढताना प्लास्टिकच्या आत घामाने आंघोळ होते, आणि माथ्यावर थांबले की तोच घाम गार पडतो. रेनकोट घालूनही माणूस आतून भिजलेलाच! गंमत म्हणून हे सोडून देता येत नाही. अंगाचे आतले तापमान ३५ अंशांच्या खाली उतरले, की जिवाला धोका सुरू होतो. त्याला हिमालयातला बर्फ लागत नाही. ओले कपडे, वारा, थकवा आणि रिकामे पोट एवढे पुरते. थरथर अनावर झाली, बोलणे अडखळू लागले, पाय लटपटू लागले, तर तो थट्टेचा विषय नाही.

हे सारे मावळातल्या जुन्या माणसांना पुस्तकाशिवाय कळत होते. भातलावणीला वाकलेल्या पाठीवर इरले असे. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यात दाबून बसवलेली पाने; पाऊस त्यावरून निथळे आणि खालून वारा खेळता राही, म्हणून घाम कोंडत नसे. गुरांमागे जाणाऱ्याच्या डोक्यावर घोंगडीची खोळ असे. दख्खनी मेंढीच्या जाड्याभरड्या लोकरीची, चिंचोक्याची खळ देऊन विणलेली ही घोंगडी. पावसाचे थेंब प्रथम तिच्यावरून घरंगळतात. पुढे ती भिजली तरी ऊब सोडत नाही, कारण लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा दमटपणा पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही. आत बंडी, वर घोंगडी, डोक्याला मुंडासे. एकावर एक कपडे घालण्याचे शास्त्र म्हणतात ते याहून वेगळे काय आहे?

त्या शास्त्राचे मर्म असे, की ऊब कापडात नसते. दोन कापडांच्या मधे अडकलेल्या हवेत असते. १९३३ साली नॉर्वेच्या सैन्यातल्या हेन्रिक ब्रून या अधिकाऱ्याने मासेमारीच्या जाळ्यापासून बनियन तयार केले. भोकाभोकांत हवा अडकते आणि वरचा ओला कपडा अंगाला चिकटत नाही, एवढीच त्यातली युक्ती. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही जाळीचे बनियन होते. आपल्याकडे ते उन्हाळ्यातले म्हणून ओळखले जाते, हा भाग निराळा!

मग बिघडले कुठे? स्वस्त प्लास्टिक आले आणि इरले गेले. त्याबद्दल मी गळा काढणार नाही. भिजलेली घोंगडी मणभर जड होते, टोचते, वाळायला दोन दोन दिवस घेते; ज्याला ती वाहावी लागली त्याला प्लास्टिक हलके वाटले तर नवल नाही. पण आपण बाहेरचा थर बदलला आणि आतला विसरलो. आज कातरलेल्या दख्खनी लोकरीला गिऱ्हाईक नसल्याने धनगरांना ती पुष्कळदा फेकून द्यावी लागते, आणि त्याच मुलखात आपण ओल्या सुती कपड्यांत कुडकुडतो.

उपाय खर्चाचे नाहीत. अंगालगत सुतीऐवजी चटकन वाळणारा किंवा लोकरीचा पातळ कपडा. त्यावर अर्ध्या बाह्यांचा स्वेटर. सर्वांत वर वारा खेळेल असा सैल रेनकोट. चढ सुरू होण्याआधी स्वेटर काढायचा, थांबल्यावर घालायचा. घाम आलाच नाही तर तो गार पडणार कुठून? पिशवीत एक कोरडा जोड आणि मोजे. ट्रंकेतला एक स्वेटर शिवरात्रीनंतरही वर ठेवा.

पण सगळे काही घरातल्या कपाटावर अवलंबून नाही. हौसेने भिजणाऱ्याला हवे तेव्हा घरी जाता येते. कामासाठी भिजणाऱ्याचे काय? चिंब मोजे घालून पाच तास बाकावर बसणारी मुले, ओल्या काठाची साडी नेसून चार घरची भांडी घासणारी बाई, दुचाकीवरून घरोघर जेवण पोचवणारा मुलगा, यांची थंडी कुणाच्या हिशेबात नसते. पुष्कळ शाळांत स्वेटर हा हिवाळ्याचा गणवेश. जुलैत तो घातला तर शिस्त मोडते. ही शिस्त बदलायला हवी. वर्गाच्या व्हरांड्यात एक दोरी, कामाच्या ठिकाणी कपडे बदलण्यापुरता एक आडोसा, घरी येणाऱ्या बाईसाठी एक कोरडी साडी आणि कपभर चहा, यांना अंदाजपत्रकात तरतूद लागत नाही.

पाऊस सगळ्यांवर सारखा पडतो असे आपण म्हणतो. पडत असेलही. पण कोरडे कपडे मात्र सगळ्यांच्या वाट्याला सारखे येत नाहीत, आणि तेवढे तरी आपल्या हातात आहे.