मरणाला मुदत कसली?

खुनाच्या खटल्याला आपल्या कायद्यांत मुदत नाहीं. वीस वर्षांनींहि खुनी न्यायासनापुढें आणतां येतो. हें उचितच होय. परंतु कारखान्यांत दुसऱ्याच्या हयगयीनें मजूर मेला तर? तळवडे ते चाकण या पट्ट्यांत हा प्रश्न पुस्तकी नव्हे. ८ डिसेंबर २०२३ रोजीं तळवड्यास मेणबत्त्यांच्या कारखान्यांत कामकरी स्त्रिया होरपळून मेल्या.

हयगयीच्या मृत्यूस जुन्या दंडसंहितेंत फार तर दोन वर्षांची कैद. म्हणून १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनें त्याची मुदत तीनच वर्षें ठरविली. १ जुलै २०२४ पासून कैद पांच वर्षांपर्यंत गेली आणि मुदत आपोआप गळाली. त्या तारखेपूर्वीं मेलेल्यांना मात्र जुनेंच घड्याळ! जीव तोच, यंत्र तेंच. मग हा पंक्तिप्रपंच कां?

काळानें साक्षी पुसट होतात, असें कोणी म्हणेल. पुरावा दुबळा असल्यास न्यायाधीशानें आरोपीला सोडावें. दारच लावून घेऊं नये. विलंब माफ करण्याची सवड न्यायालयाला आहे खरी. पण ती कृपा झाली, हक्क नव्हे. तपास रेंगाळतो तो मृताच्या विधवेच्या दोषानें नव्हे. मग दिरंगाईचें फळ आरोपीच्या पदरांत कां पडावें? मनुष्यहानीच्या कोणत्याहि गुन्ह्याला मुदत असूं नये.