ग्रह काय नऊच आहेत?



लग्नसराई जवळ आली, की दीक्षा घेऊन तीन पिढ्या झालेल्या घरांतही कोणीतरी हळूच विचारते, "मुलीला मंगळ तर नाही ना?" म्हणून आज आम्ही ग्रहांविषयीच लिहीत आहोत.

पत्रिकेतले ग्रह नऊ. त्यातला सूर्य हा तारा, चंद्र हा उपग्रह आणि राहू-केतू तर नुसते कल्पित बिंदू. ज्या पृथ्वीवर आपण राहतो, ती मात्र त्या नवांत नाहीच!

१९९५ साली मायोर आणि केलोझ या शास्त्रज्ञांनी ५१ पेगासी या सूर्यासारख्या ताऱ्याभोवती ग्रह शोधला. सप्टेंबर २०२५ पर्यंत अशा परताऱ्यांच्या ग्रहांची पक्की नोंद ६,००० वर गेली. आपल्या जिल्ह्यातल्या खोडदच्या महादुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्याही या कामी आल्या. २००९ साली तेथे एका ग्रहाकडून आल्यासारखा क्षीण रेडिओ संकेत मिळाला. २०१० मध्ये पुन्हा कान लावला, तेव्हा काहीच ऐकू आले नाही. शास्त्रज्ञांनी दोन्ही गोष्टी छापल्या. याला म्हणतात प्रामाणिक हिशेब.

ग्रह विपुल आहेत, हे कशावरून? ग्रह ताऱ्यासमोरून आडवा गेला की ताऱ्याचा प्रकाश किंचित मंदावतो. केपलर या अंतराळ दुर्बिणीने २००९ ते २०१८ या काळात हेच टिपले आणि त्या नोंदींतून २,६०० हून अधिक ग्रह सापडले. पण त्यासाठी ग्रहाची कक्षा नेमकी आपल्या नजरेच्या रेषेत हवी. सूर्यापासून पृथ्वी जितकी दूर, तितक्या अंतरावरचे ग्रह घेतले, तर २०० पैकी जेमतेम एक असा दिसतो. म्हणजे वहीत एक जमा झाला, तर दोनशेच्या आसपास नोंदीबाहेर राहिले! हा ताळेबंद मांडूनच शास्त्रज्ञ सांगतात, की आपल्या आकाशगंगेत सरासरीने दर ताऱ्यामागे निदान एक ग्रह असावा. आणि तारे शंभर अब्जांहून अधिक आहेत.

एवढ्या पसाऱ्यातला एक मंगळ आमच्या वस्तीतल्या मुलीच्या संसारावर डोळा ठेवून कसा बसेल?

याची कसोटी पुण्यातच झाली. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर व सहकाऱ्यांनी १०० हुशार आणि १०० बौद्धिक दिव्यांग मुलांच्या पत्रिका जमवल्या. ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका देऊन कोणती कोणाची, ते ओळखायला सांगितले. २७ जणांनी उत्तरे पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणे उडवले तरी निम्मी बरोबर येतात!

तेव्हा बंधू-भगिनींनो, स्थळ पाहताना शिक्षण, नोकरी, व्यसन आणि आजार विचारा. पत्रिका मागणाऱ्याला नम्रपणे नकार द्या. ग्रहशांतीचे पैसे मुलीच्या फीसाठी ठेवा, आणि जमेल तेव्हा मुलांना खोडदच्या तबकड्या दाखवून आणा.