31 मार्चपर्यंतच थांबू

कृष्णा-पंचगंगेच्या काठावरची प्रत्येक महापालिका, नगरपालिका आणि ग्रामपंचायत यांना पूरपट्ट्यातल्या रहिवाशांचा हा जाहीर इशारा आहे. येत्या 31 मार्चच्या आत पुराची तरतूद तुमच्या विकास आराखड्यात आणि अर्थसंकल्पात लेखी दिसली पाहिजे. मे महिन्यातल्या आढावा बैठका यापुढे आम्ही काम म्हणून धरणार नाही.

सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोका पातळी 45 फूट आहे. 2005 मध्ये पाणी 53 फुटांच्या वर गेलं, 2019 मध्ये 57 च्या वर. 2021 मध्ये पुन्हा धोका पातळी ओलांडली. सोळा वर्षांत तीन महापूर आले, तरी पूर म्हणजे अवचित आलेलं संकट, असंच सभागृहात बोललं जातं.

पुराला आलमट्टी धरण जबाबदार आहे की नाही, हा वाद दोन राज्यांनी खुशाल लढावा. पण शहरातले ओत, म्हणजे पुराचं पाणी पसरायच्या सखल जागा, आलमट्टीने बुजवलेले नाहीत. डंपरने मुरूम आणून रात्रीत भराव टाकला जातो, वर गुंठ्याचे प्लॉट पडतात, मग रस्ता, नळ, वीज आणि घरपट्टीची पावतीही मिळते. नदीचं पाणी ज्या ओतात पसरायचं, ते आता शेजारच्या गल्लीत छातीपर्यंत चढतं. घरपट्टी घेणाऱ्याला ती जागा ओतातली आहे हे ठाऊक नसतं, यावर आमचा विश्वास नाही. 2019 च्या महापुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनेही अतिक्रमणांवर बोट ठेवलं आहे.

निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीत, एकही नवा बांधकाम परवाना देऊ नका. ओत-नाल्यांची मोजणी करून गटनंबरासह नकाशा महासभेपुढे ठेवा आणि भराव टाकणाऱ्यांना तो स्वखर्चाने काढायला लावा. जे आधीच तिथे राहतात, त्यांना पर्यायी जागा दिल्याशिवाय हात लावू नका. भराव टाकून पैसा करणारे वेगळे आणि पोटासाठी तिथे घर बांधलेले वेगळे.

ग्रामपंचायतींनो, ब्रह्मनाळ विसरू नका. 8 ऑगस्ट 2019 ला पुरातून बाहेर पडणाऱ्यांची बोट उलटली आणि 17 जण बुडाले. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. पुरेशा बोटी, लाइफ जॅकेट आणि शिकलेले चालक यांचा खर्च गावाच्या वार्षिक आराखड्यात धरा. गटार आणि पेव्हिंग ब्लॉक एक वर्ष थांबू शकतात.

आपल्या ताब्यातली बांधकामं आपत्ती टाळण्याच्या निकषांत बसतात की नाही हे पाहणं स्थानिक संस्थांवर 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने बंधनकारक आहे. आम्ही तुमच्याकडे मेहेरबानी मागत नाही.

31 मार्चपर्यंत हे झालं नाही, तर पुण्यात राष्ट्रीय हरित लवादाकडे याचिका दाखल होईल. पूररेषेतल्या प्रत्येक परवान्याची प्रत माहिती अधिकारात मागवून तिला जोडली जाईल आणि त्यावर सही करणारा अधिकारी नावानिशी प्रतिवादी असेल.