अनामत रक्कम आणि कायद्याचा एकतर्फी हात

भाड्याचे घर सोडताना भाडेकरू किल्ली मालकाच्या हाती ठेवतो त्या क्षणी घराचा कबजा पुरता मालकाकडे जातो. परंतु अकरा महिन्यांपूर्वी अथवा तीन वर्षांपूर्वी त्याच भाडेकरूने दिलेली अनामत रक्कम त्याच क्षणी त्याच्या पदरात पडते, असे आपल्या शहरांत क्वचितच घडते. रंगाऱ्याचा अंदाज यावयाचा आहे, विजेचे शेवटचे बिल हाती पडलेले नाही, सोसायटीची थकबाकी पाहावयाची आहे, नवा भाडेकरू आला की त्याच्या डिपॉझिटमधून तुमचे देऊन टाकू, अशी कारणे एकामागून एक पुढे येतात, आणि यांतील शेवटचे कारण सर्वांत प्रामाणिक असले तरी सर्वांत चिंताजनक आहे. कारण दुसऱ्याची म्हणून ठेवावयाची रक्कम मालकाने केव्हाच खर्ची टाकली आहे, याची ती उघड कबुली असते.

या विलंबाचा भार कोणावर पडतो हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. जुन्या घराची अनामत अडकलेली असताना नव्या घराची अनामत, दलाली, टेम्पोचे भाडे आणि पहिल्या महिन्याचे आगाऊ भाडे ही सारी रक्कम एकाच आठवड्यात उभी करावी लागते, आणि पगारावर जगणाऱ्या कुटुंबाला त्यासाठी कोणाकडे तरी हात पसरावा लागतो. लातूर-नांदेडकडून पुण्यात शिकावयास आलेल्या मुलांच्या बाबतीत तर हे पैसे बहुधा वडिलांनी उसने आणलेले असतात. मुले परीक्षा संपवून गावी जातात, आणि मग दूरध्वनीवरून केलेल्या तगाद्याला उत्तर देण्याची निकड मालकाला उरत नाही. या अनुभवातूनच शेवटचे दोन-तीन महिने भाडे न देता ते अनामतीत वळते करून घेण्याची रीत पडली आहे. ती करारास धरून नाही आणि तिच्यामुळे सरळ मालकावरही अन्याय होतो, हे मला मान्य आहे. परंतु सरळ मार्गाने दाद मिळत नसेल तर माणसे आडमार्ग शोधणारच.

वजावटीचा प्रश्न याहून नाजूक आहे. भिंतीवरचा रंग तीन वर्षांत फिकट होतो, नळाचा वायसर झिजतो, दाराची कडी सैल होते. या घराच्या वयाच्या खुणा आहेत, भाडेकरूच्या हयगयीच्या नव्हेत. मालमत्ता हस्तांतरणाच्या 1882 च्या कायद्याने भाडेपट्ट्याच्या बाबतीत हा भेद फार पूर्वी मान्य केला आहे: घर पूर्ववत परत करण्याच्या दायित्वातून त्याने रास्त वापराने होणारी झीज वगळली आहे. आजची बहुतेक घरे मात्र भाडेपट्ट्याने दिली जात नाहीत, ‘लीव्ह अँड लायसन्स’च्या, म्हणजे परवान्याच्या, करारनाम्याने दिली जातात, तेव्हा करारात जे लिहिले असेल तेच प्रमाण ठरते, आणि त्यात एका महिन्याचे भाडे रंगकामापोटी कापून घेण्याचे कलम दलालाच्या छापील मसुद्यातूनच आलेले असते, मग त्या घराच्या भिंतींना गेल्या दहा वर्षांत कुंचला लागलेला असो वा नसो.

मालकांची बाजू मी कमी लेखत नाही. निवृत्तीनंतर एका जादा खोलीच्या उत्पन्नावर औषधपाणी भागविणारे मालक या राज्यात असंख्य आहेत, आणि त्यांच्या भीतीला इतिहास आहे. मुंबईच्या 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने असंख्य घरांची भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या दराशी जखडून टाकली. त्यातून सुटण्यासाठी मालकांनी परवान्याच्या कराराचा आश्रय घेतला, तर पुढे कायद्यात दुरुस्ती होऊन 1 फेब्रुवारी 1973 रोजी अशा करारान्वये राहत असलेल्या परवानाधारकांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले. दिलेले घर परत मिळेल की नाही, ही धास्ती त्या काळापासून मालकवर्गाच्या मनात घर करून बसली, आणि अनामतीचे आकडे फुगण्यामागे तिचाही वाटा आहे. मुंबईत तर मासिक भाडे जवळजवळ न घेता लाखोंची रक्कम एकरकमी ठेवून घेण्याचा ‘हेवी डिपॉझिट’चा प्रकार रूढ झाला.

परंतु त्या धास्तीचे निवारण कायद्याने करून फार वर्षे झाली. 31 मार्च 2000 पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 24 नुसार परवान्याची मुदत संपताच मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे थेट अर्ज करू शकतो, त्याच्यासाठी संक्षिप्त कार्यपद्धती आहे, आणि मुदतीनंतर घर अडवून बसणाऱ्याला ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. ही तरतूद योग्यच आहे. मुदतीनंतर घर अडविणाऱ्याला ज्या कायद्याने दुप्पट आकारणी लावली, त्याने मुदतीनंतर पैसे अडविणाऱ्याला मात्र काहीच का लावू नये? अनामतीसाठी भाडेकरूला तसा संक्षिप्त मार्ग नाही; त्याने वकील करावा, दिवाणी दावा लावावा आणि तारखांना हजर राहावे, आणि पन्नास-साठ हजारांसाठी एवढा खटाटोप कोणी करीत नाही, हे उभय पक्षांस पक्के ठाऊक असते.

याहूनही विलक्षण गोष्ट मुद्रांकशुल्काच्या हिशेबात दडलेली आहे. परवाना करारावर राज्य सरकार 0.25 टक्के शुल्क घेते, आणि ते मोजताना परत करावयाच्या अनामतीवर दरसाल 10 टक्के व्याज सुटते असे गृहीत धरून ती रक्कमही भाड्यात मिळविते. एक लाखाच्या अनामतीवर तीन वर्षांचे हे मानीव व्याज 30,000 रुपये होते, आणि त्यावरचे शुल्क भरते अवघे 75 रुपये. रक्कम क्षुल्लक आहे. तिच्यामागची कबुली क्षुल्लक नाही. या पैशाला व्याजाचे मोल आहे आणि ते मालकाच्या लाभात जमा होते, हे सरकार स्वतःच्या तिजोरीपुरते मान्य करते, पण ज्याचा पैसा त्याच्या हाती त्यातला छदामही पोचविण्याची तजवीज करीत नाही.

इतर देशांनी ही गोष्ट भाडेकरूच्या भरवशावर सोडलेली नाही. जर्मनीत घराची अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून अधिक घेता येत नाही, ती मालकाच्या पैशापासून अलग ठेवावी लागते आणि तिचे व्याज भाडेकरूचे असते. इंग्लंडमध्ये एप्रिल 2007 पासून ती सरकारमान्य योजनेखाली सुरक्षित करणे मालकावर बंधनकारक आहे. आज त्याची मुदत 30 दिवसांची असून, कसूर केल्यास अनामतीच्या तिपटीपर्यंत रक्कम भाडेकरूला देण्याचा हुकूम न्यायालय करू शकते. आपल्या केंद्रीय मंत्रिमंडळानेही जून 2021 मध्ये आदर्श भाडेकरू अधिनियमास मान्यता दिली, आणि त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा व कबजा घेतानाच रास्त वजावटीनंतर अनामत परत करण्याचे कलम आहे. परंतु तो नमुना आहे, आणि राज्याच्या विधिमंडळाने मनावर घेतल्यावाचून त्याला कायद्याचे बळ येत नाही.

महाराष्ट्राने तेवढ्यावरही थांबू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 55 नुसार करार लेखी व नोंदणीकृत असणे येथे सक्तीचे आहेच, आणि ती जबाबदारी मालकावर आहे. त्याच दस्ताला प्रवेशाच्या दिवशीची घराची स्थिती नमूद करणारी, उभयतांच्या सहीची यादी जोडणे अनिवार्य करावे, म्हणजे सोडताना वाद घालावयास जागा उरणार नाही. वजावट करावयाची तर पावती दाखवूनच करावी. अनामतीची तक्रार कलम 24 खालच्या सक्षम प्राधिकाऱ्यापुढेच चालावी. आणि किल्ली घेतल्यानंतर मालकाने विनाकारण लावलेल्या विलंबासाठी, सरकारने मुद्रांकाच्या हिशेबात स्वतःच पत्करलेल्या 10 टक्क्यांच्या दुप्पट दराने, म्हणजे दरसाल 20 टक्क्यांनी, व्याज भाडेकरूला मिळावे.